काजलच्या कार्डावरची रेघ

डोळखांब,
२ मे १९९९

चि. शेखर यास काशीताईचे अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, पण शेतावर जायचं सोडत नाहीत. नम्रताला सातवा लागला ना? तिला पाण्याची घागर उचलू देऊ नकोस. तू उचललीस म्हणून तुझी हपिसातली ऐट कमी होणार नाही.

आता कामाचं. तुमच्या संस्थेच्या हपिसातून मुलांच्या वजनाची कार्डं परत आली. पोरांच्या पेजेचं आपलं केंद्र परदेशच्या देणगीवर चालतं, त्यांच्या पाहणीच्या बाई सतराला पाड्यावर येणार, म्हणून कार्डं आधी मुरबाडला पाठव, असं तूच लिहिलं होतंस. मी चैत्रात घरोघर फिरून एक्केचाळीस कार्डं गोळा केली. दिवाळी ते शिमगा सगळी कोरी होती, कारण तेव्हा अख्खा पाडा भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर असतो. मी वजन करणार कुणाचं, कोंबड्यांचं? आता पाहते तर त्याच महिन्यांत प्रत्येक कार्डावर वजनाची रेघ चढत गेलेली. तुझ्या हातची रेघ मला कळते, तुझ्या शाळेच्या वह्या मीच बघायचे.

शेखर, त्यात भिमीच्या काजलचं कार्ड होतं. काजल पौषात भट्टीवरच गेली. दीड वर्षाची पोर, हगवण लागली आणि दोन दिवसांत आटोपलं. कार्डावर तसं लिहायचं माझ्याकडून राहिलं, ती चूक माझी. गठ्ठा आला त्याच दिवशी भिमी आली आणि पोरीच्या नावाचा तेवढाच कागद हाय म्हणून कार्ड मागून घेऊन गेली. मी न बघता दिलं. बाकीची कार्डं नंतर उघडली, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. हे तू केलंस का, ते लगेच कळव.

पोटात राग आहे, पण आशीर्वाद आहेतच.
तुझी,
काशीताई

मुरबाड,
६ मे १९९९

ती. काशीताईस शेखरचा शि. सा. नमस्कार.

ताई, मीच केलं. काजल गेल्याचं मला ठाऊक नव्हतं.

पण माझंही ऐक. मागच्या पाहणीत दुसऱ्या एका केंद्राची कार्डं अशीच कोरी निघाली. केंद्र पाच महिने बंद होतं, असं अहवालात आलं आणि देणगी थांबली. बाया भट्टीवर जातात, हे ओरडून सांगून कुणी ऐकलं नाही. मुलं शिमग्यानंतर परत आली, तेव्हा तू त्यांची वजनं केलीसच. दिवाळीआधीचा ठिपका होता, नंतरचा होता, मी फक्त दोन टोकं जोडली. काजलच्या कार्डाला नंतरचं टोक नव्हतं. वाटलं, ताई विसरली असेल. मग इतर मुलांवरून अंदाजाने रेघ पुढे नेली.

सतराच्या आत भिमीकडून ते कार्ड घे. तिला हवं तर दुसरं दे, त्यावर काजलचं नाव मी चांगल्या अक्षरात लिहून पाठवतो. बाई घरोघर जातात आणि समोर येईल ते कार्ड उचलतात. हे एक सापडलं तर सगळंच खोटं ठरेल. चाळीस पोरांची नाचणीची पेज बंद होईल, तुझं काम जाईल आणि माझंही. नम्रताला यातलं अवाक्षर बोललेलो नाही. तुझ्या पाया पडतो.

दाजींना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा,
शेखर

डोळखांब,
१० मे १९९९

चि. शेखर यास अ. उ. आ.

मी भिमीकडे गेले होते, कार्ड घ्यायलाच. खोटं कशाला बोलू?

तिने ते कुडाच्या भिंतीत खोचून ठेवलं होतं. तिला वाचता येत नाही, पण रेघ कळते. चढली तर पोर बरं, आडवी झाली तर जपा, उतरली तर दवाखाना, हे तीन वर्षं मीच त्या बायांकडून घोकून घेतलंय. तिने रेघेवर बोट फिरवलं आणि मला विचारलं, का गो ताय, रेघ त वर चढतेय, पोर चांगली व्हती, मंग मेली कशी? भट्टीवर सासू तिला बोलली होती की तू विटा थापत बसलीस आणि पोरीला मारलीस. तेव्हा ती सासूशी भांडली होती. आता तिला ते खरं वाटायला लागलंय. कारड सांगतंय पोरीला काय नव्हतं, म्हंजे मीच काय तरी केलं, असं म्हणते.

रेघ खोटी आहे, हे मी तिला सांगितलं नाही. कार्ड मागितलं नाही, तशीच उठून आले. तू एक रेघ ओढलीस आणि त्या बाईच्या डोक्यावर पोरीचा खून ठेवलास. आणि वर म्हणतोस, चांगल्या अक्षरात नाव लिहून पाठवतो.

सतराला मी बाईंना खरं सांगणार आहे. केंद्र गेलं तर जाऊ दे, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पेज वाढताना एवढाल्या वाट्या पुढे येतात, त्या मी बघते, तू बघत नाहीस. भीती मलाही वाटते. पण सांगणार. तुझं नाव मी घेणार नाही, ते तुझं तू बघ.

नम्रताला जप.
काशीताई

मुरबाड,
१५ मे १९९९

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

पाड्यावर येण्याआधी बाई काल मुरबाडच्या हपिसात आल्या. साहेब त्यांच्यासाठी चहा मागवत होते आणि मी उभा राहून सांगून टाकलं की डोळखांबच्या कार्डांवरच्या हिवाळ्याच्या रेघा मी इथे बसून काढल्या, ताईंना विचारलंसुद्धा नाही. काजलचंही सांगितलं.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, किती कार्डं? म्हटलं, एक्केचाळीस. मग विचारलं, त्यातली किती मुलं तुम्ही पाहिलीत? ताई, मी तुझ्या पाड्यावर एकदाच आलोय, उद्घाटनाला, आणि तेव्हाही मुलं लांब रांगेत बसवली होती. एकही नाही, असं सांगावं लागलं. त्यांनी ते लिहून घेतलं. अहवालात सगळं येईल, पुढे देणगीदार ठरवतील, म्हणाल्या. साहेबांनी मला एक तारखेपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

नम्रताला घरी येऊन सांगितलं. मग तिने एवढंच विचारलं, की त्या भिमीला हे कुणी सांगितलं का. तू सांगशील का? की मी यावं?

मला ताई म्हणण्याचा हक्क असू दे.
शेखर

डोळखांब,
१९ मे १९९९

चि. शेखर यास काशीताईचे अ. उ. आ.

परवा बाई येऊन गेल्या. चार घरं फिरल्या, झोळीचा वजनकाटा हातात धरून पाहिला आणि विचारलं, हा घेऊन कुणी भट्टीवर का गेलं नाही? मी म्हटलं, आजवर कुणी विचारलंच नाही आणि मलाही सुचलं नाही. तेही त्यांनी लिहिलं. केंद्राचं काय होणार, ते श्रावणाच्या आत कळत नाही. पेज आज तरी चालू आहे.

बाई गेल्यावर मी भिमीकडे गेले. सांगितलं की ही रेघ माझ्या भावाने मुरबाडला बसून काढली, त्याने तुझी पोर कधी पाहिली नाही, रेघ खोटी आहे. मला वाटलं, ती अंगावर येईल. तिने विचारलं, कुठून खोटी? मी तिचं बोट धरून दिवाळीआधीच्या ठिपक्यावर ठेवलं. म्हटलं, इथवर मी तोललंय, तुझ्यासमोर, तू तिचे पाय धरले होतेस. इथून पुढे कुणी पाहिलंच नाही. तिने बोट उचललं नाही. म्हणाली, म्हंजे पाड्यावर व्हती तवर चढत व्हती ना? मी हो म्हटलं, आणि मग आम्ही दोघी रडलो.

तू यावंस का, असं विचारलं होतंस. मी ते भिमीला विचारलं. ती म्हणाली, येऊ दे त्याला. त्याला लिवता येतंय ना, मंग भट्टीवर माझी पोर कशी गेली ते मी सांगतंय, त्यानं माझ्यासमोर बसून लिवावं.

तर ये. कधी येतो म्हणून ती आज सकाळीही विचारून गेली.

राग आहे, पण लोभ उणा झालेला नाही.
तुझी,
काशीताई