गुरुवारची खुर्ची

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, घर जागच्या जागी आहे. फोन असताना ताईला हे पत्राचं खूळ कुठून लागलं, असं तुझ्या मनात येईलच. पण फोनवर मी मुद्द्याशी आले की तुझा दुसरा फोन वाजतो, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटतं. गेले कित्येक महिने हे असंच चाललंय, ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. कागद मध्येच उठून जात नाही, म्हणून कागद घेतला. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय, त्याला हसू नकोस. शाळा अर्ध्यात सुटली तरी घरात सगळ्यांत वळणदार अक्षर माझंच होतं, हे तूही नाकारणार नाहीस.

आधी गंमत सांगते. तुमच्या संशोधन संस्थेचा आणि रस्त्यापलीकडच्या मेडिकल कॉलेजचा तो करार झाला ना, त्याच्या दोन प्रती बांधायला माझ्याच बाइंडिंगच्या दुकानात आल्या होत्या. मजकूर तयार, सह्यांचा दिवस ठरलेला, आणि घोडं पेंड खातंय कुठे, तर कापडाच्या रंगावर. कॉलेजच्या अधिष्ठात्यांना तपकिरी हवा, कारण त्यांचे सगळे प्रबंध तपकिरी. तुमच्या संचालकांना निळा. का, तर निळा. दोन्हीकडचे शिपाई कापडाचे तुकडे घेऊन माझ्याकडे खेपा घालत होते, जशी काही सोयरीक जुळवायची आहे. शेवटी मीच म्हटलं, बाबांनो, करडा घ्या, तो कुणाच्याच बापाचा नाही. म्हणून तो करार करड्या कापडात आहे. इतिहासात माझी नोंद व्हायची तर एवढीच.

पण त्या कराराचं मला मनापासून बरं वाटलं होतं. इतकी वर्षं दोन्हीकडच्या मुलांचे प्रबंध मी बांधते. आतलं मला ओ की ठो कळत नाही. मी आपलं आभाराचं पान वाचते, कारण तेवढंच माणसांच्या भाषेत असतं. कॉलेजची मुलं रुग्णांचे आभार मानतात. तुमच्याकडच्या एका मुलीने तर उंदरांचे मानले होते, मला ती फार आवडली. पण ह्यांनी त्यांचे किंवा त्यांनी ह्यांचे आभार मानलेले मी कधी वाचले नाहीत. एकाच दुखण्याचं नाव मी तपकिरी पाठीवरही सोनेरी ठोकलंय आणि निळ्या पाठीवरही. मध्ये एवढासा रस्ता, चहा प्यायला येतात त्याच एका दुकानात, आणि एकमेकांशी बोलायचं म्हणजे करार करावा लागतो. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

त्या करारात रुग्णभेटीचं एक कलम होतं. महिन्यातून एका गुरुवारी तुम्ही प्रयोगशाळेतल्या माणसांनी रस्ता ओलांडून कॉलेजच्या सभागृहात यायचं, तिथे एक रुग्ण खुर्चीत बसणार, डॉक्टर तुमच्यासमोर त्याला तपासणार, आणि तुम्ही हवं ते विचारायचं. ज्या दुखण्यावर आयुष्य घालवलं ते एकदा तरी माणसात बघावं, अशी कल्पना. पहिल्या भेटीनंतर तू मला फोन केला होतास. 'ताई, इतकी वर्षं ह्यावर काम करतोय आणि आज पहिल्यांदा माणूस बघितला,' म्हणालास. कुठल्याशा शाळेतला मास्तर होता तो, सरळ चालायला सांगितलं तर भिंतीकडे गेला. तुमच्यापैकी कुणी काही विचारलं नाही. आणि मग आवाज उतरवून तू म्हणालास, 'मला बघवेना गं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.' मी 'हो का' एवढंच म्हटलं. तुला वाटलं असेल, ताईला ह्यातलं काय कळणार. मी तेव्हा फोन दोन्ही हातांनी धरला होता.

तुझ्या उंदरांचंही आठवतंय. तोल जाणाऱ्या त्या उंदरांच्या जातीचं कागदावरचं नाव सोडून प्रयोगशाळेत सगळे त्यांना 'बेवडे' म्हणतात, आणि ते बारसं तूच केलंस, असं तू मागे जेवताना सांगितलं होतंस. 'आज बेवड्यांना खायला घातलं का,' असं तुम्ही एकमेकांना विचारता. आपण दोघंही हसलो होतो. मीसुद्धा, धाकट्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. रस्त्यात झोकांड्या खाणारा माणूस दिसला की तू वाट बदलतोस, हे मी तुझ्या लहानपणापासून बघते. त्याने झोकांड्या खाणाऱ्या उंदरांवर जन्म काढावा, ह्याचं मला नवल वाटायचं. तेव्हा विचारलं नाही. आपल्या घरात त्या विषयाला कुणी हात लावत नाही.

आता तू मला 'राणीसरकार' म्हणतोस ते. तू यायच्या आधीच मी टेबलाशी बसलेली असते, चहा थर्मासात, खायचं समोर झाकून ठेवलेलं. 'ताई हल्ली जागची हलत नाही, नुसते हुकूम सोडते,' असं तू बायकोला सांगत होतास, आणि मी मान ताठ करून खरंच एक हुकूम सोडला. उठले असते तर तुला दिसलं असतं. वर्ष उलटून गेलं, जमीन माझ्याशी नीट वागत नाही. मधूनच पायाखालून सरकल्यासारखी होते. दुकानाच्या पायऱ्या उतरताना मी कठड्याला अशी मिठी मारते की तुझ्या मेव्हण्यालाही कधी मारली नसेल. प्रबंधांच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं तिरकी बसायला लागली, तेव्हा ते काम हाताखालच्या बाईला दिलं आणि सांगितलं, माझे डोळे गेले. डोळ्यांना काहीही झालेलं नाही. एकदा सकाळी दुकान उघडायला जात होते, तर औषधाच्या दुकानदाराने आपल्या नोकराला कोपर मारलं आणि मला म्हणाला, 'काय मावशी, आज सकाळीच?' मला आधी कळलंच नाही. कुलूप काढताना कळलं. किल्ली भोकात जाईना, आणि मागून ते दोघं बघत असणार. तेव्हापासून मी मागच्या गल्लीने जाते. तोंडाला कधी थेंब न लावलेली बाई, ह्या वयात, चोरासारखी.

पकडलं मला मेंदूच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी. प्रबंध पोचवून मी निघाले, तर त्या दारात उभ्या राहून माझी पाठमोरी चाल बघत होत्या. 'काकू, जरा परत चालून दाखवता?' मी म्हटलं, चप्पल नवी आहे. त्या म्हणाल्या, मग काढून चाला. मोठी खमकी बाई. दोरीवरून चालल्यासारखं टाचेला अंगठा लावत चालायला लावलं. नाकाला बोट लावा म्हणाल्या, तर माझं गालावर गेलं. मग रक्त घेतलं. आणि ते रक्त, कराराप्रमाणे, तपासायला गेलं कुठे, तर रस्ता ओलांडून तुझ्याच इमारतीत. ते यंत्र म्हणे तुमच्याकडेच आहे. नळीवर नाव नव्हतं, नुसता आकडा. कदाचित तुझ्याच टेबलावरून गेली असेल, तू हातात घेऊन बाजूलाही ठेवली असशील. आडनाव सासरचं, त्यामुळे मी तुझी कोण हे तिथे कुणाला ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही. तुझी मान खाली जाईल असं वाटलं. उत्तर काय आलं ते आता तुला कळलंच असेल. तुझ्या उंदरांना आहे तेच.

उत्तर सांगताना बाईंनी विचारलं, घरात आधी कुणाला असं होतं? मी नाही म्हटलं. आई? आई शेवटपर्यंत ताठ चालली. वडील? मी मान खाली घालून म्हटलं, ते प्यायचे. जन्मभर आपण जे म्हणत आलो तेच. बाईंनी कागदावर पेन टेकवलं नाही. 'तुम्ही त्यांना पिताना पाहिलंय?' म्हटलं, नाही, बाहेर पीत असतील. 'वास यायचा?' असं बाईंनी विचारलं. तू फार लहान होतास, तुला आठवत नसेल. आई संध्याकाळी बाबांना दारातच थांबवून त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. कधी काही आलं नाही. तर आई म्हणायची, वास न येणारी घेतो मेला. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस तो. खिळ्यांची पेटी हातून सांडायला लागली, तेव्हा कामावर पिऊन येतो म्हणून मालकाने काढून टाकलं. पुढे जीभ जड झाली. रस्त्यात पडले की लोक ओलांडून जायचे. सुरुवातीला ते म्हणायचे, 'मी पीत नाही गं.' आईला म्हणायचे, मला म्हणायचे. मग म्हणेनासे झाले. मला वाटलं, चला, निदान खोटं बोलणं तरी सोडलं.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, 'काकू, लहान मेंदूचं हे दुखणं बाहेरून हुबेहूब दारूसारखं दिसतं. भल्याभल्यांना चकवतं.' घरी येऊन मी बसले ती बसलेच. औषधवाल्याच्या एका टोमण्याने मी वाट बदलली. बाबांनी तोच टोमणा स्वतःच्या घरात, जेवायच्या ताटावर, वर्षानुवर्षं ऐकला, आणि त्यांना बदलायला दुसरी गल्लीही नव्हती. तुझ्या हनुवटीवरचा तो व्रण आहे ना, तुला खांद्यावर घेऊन नाचवताना ते पडले होते. त्यानंतर आईने तुला पुन्हा त्यांच्या हातात दिलं नाही. 'बाबांनी मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही, बाटलीपुढे मुलगा कोण,' असं तू एकदा म्हणाला होतास. घेत नव्हते, खरंय. लांब उभे राहून, हात पाठीमागे धरून, तुला खेळताना बघायचे. मी त्याला बेफिकिरी समजत होते. तू पुन्हा पडू नयेस म्हणून ते हात त्यांनी आवरून धरले होते, हे मला स्वतःचे हात थरथरल्यावर कळलं.

राहिलं तुझं. इथे लेखणी अडते. मला मूलबाळ नाही, तुला चिमणी लेक आहे. हे दुखणं आईबापांपैकी एकाकडून मुलांत उतरतं, निम्म्यांत उतरतं, निम्म्यांना सोडतं. नाणं उडवून हे तूच मला समजावलं होतंस, तेव्हा उंदरांबद्दल बोलत होतो आपण. तपासून घ्यायचं की नाही हे तुझं तू ठरव. बाई म्हणाल्या, कुणी कुणावर जबरदस्ती करायची नसते, ज्याला जाणून घ्यायचं नाही त्याचाही मान ठेवायचा असतो. मी विचारणार नाही. सांगितलंस तर ऐकेन. पण हे लिहून मी तुझी झोप उडवली, ती काही मला परत देता येणार नाही. तोंड शिवून बसले होते ते त्याचसाठी.

मग आजच तोंड का उघडलं, तर येत्या गुरुवारी त्या खुर्चीत मी बसणार आहे. बाईंनी विचारलं तेव्हा आधी नाहीच म्हटलं. शिकल्यासवरल्या माणसांनी भरलेल्या सभागृहात झोकांड्या खात चालायचं, आणि त्यांत आपला भाऊ, मेल्याहून मेल्यासारखं. पुन्हा विचारलं तेव्हा हो म्हटलं, ते एका प्रश्नासाठी. तिथे सगळ्यांदेखत विचारतात, घरात आधी कुणाला होतं. मला उत्तर द्यायचंय, की माझ्या वडिलांना होतं, ते छापखान्यात खिळे जुळवायचे, आणि ते पीत नव्हते. माझीही जीभ आता थोडी अडखळते, पण एवढं मी रोज म्हणून बघते, नीट येतं. बहीण म्हणून ओळख दिली नाहीस तरी चालेल, आलाच नाहीस तरी मी समजून घेईन. फक्त हे तुला पहिल्यांदा तिथे, चारचौघांत कळू नये. घरातल्या माणसाला ते घरात कळायला हवं होतं. बाबांनी तर सांगितलंही होतं, आपल्या घरातच, दारात उभं राहून. ऐकणारं कुणी नव्हतं.

तुझीच,
अजून आपल्या पायांवर उभी असलेली
ताई