मांडीला लावलेला लेप

प्रिय महेश,

विसरलास ना रं? जाताना म्हणालास, "आज्जे, स्वप्नात येतो." वर्ष उलटलं, तुझा पत्ता नाही! म्हणून मीच बोलते आणि तुझी बहीण सोनी लिहिते. पितृपक्ष लागलाय आणि तुझ्याकडे एक काम आहे.

आठवतं? गाठ होती आंडाला आणि तू सांगितलंस मांडीला! मी आपली रोज मांडीला लेप लावत राहिले. तुला न्हाऊमाखू घालणारी मीच ना रं? माझ्याशी कसली लाज?

(सोनीचा हात थांबला बघ. लिही गं, त्यालाच झालं होतं. त्याच्यापासून काय लपवतेस!)

तू गेल्यावर ज्यानं त्यानं कारणं काढली. काका म्हणाला मोटरसायकल, शेजारीण म्हणाली क्रिकेटचा चेंडू. कर्जतच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मार लागून हा कॅन्सर होत नाही, आजी. दुखलं की हात जातो आणि आधीचीच गाठ कळते." जन्मताना तुझं एक आंड खाली उतरलं नव्हतं, त्यानं धोका वाढतो म्हणे. पण तशा बहुतेक पोरांना काहीच होत नाही. तुलाच का, ते त्यांनाही सांगता येईना. तरण्या पोरांनाच जास्त धरतो मेला. आणि एका भावाला झाला की दुसऱ्यानं जपायचं.

दुसरा म्हणजे आपला दीपक. परवा म्हणाला, "खाली जड जड वाटतंय." दवाखान्यात चल म्हटलं, तर म्हणतो, "बाई हाय ती! मी नाय येत."

"नागडा साऱ्या कडाव गावात हिंडायचास, तवा बाया नव्हत्या व्हय रं?"

हसला. पण जागचा हलला नाही.

तुझ्या दहाव्याला कावळा शिवेना. बापानं तुझी बॅट जपतो म्हटलं, आईनं सोनीला शिकवते म्हटलं. कावळा ढिम्म! मी म्हटलं, "दीपकला सांभाळते," आणि लगेच शिवला. आता तूच मदत कर. तो तपासून येईपर्यंत पानाला शिवू नकोस. भाऊ उपाशी राहिलेला त्याला सोसायचा नाही.

लवकर दाखवलं तर बहुतेक पोरं बरी होतात, असं बाई म्हणाल्या. ते ऐकलं आणि जपून ठेवलेली तुझ्या लेपाची वाटी पालथी घातली मी.

शब्द देते, त्याला मी स्वतः नेईन. तो आत जाईपर्यंत दवाखान्याच्या दारातून उठायची नाही.

तुझी आज्जी
(अंगठा)

ता. क. सोनी, आईला सांग, महेशच्या पानावर वालाचं बिरडं नि भात वाढ. वडे झाकून ठेव. दीपक दवाखान्यातून आला की गरम करून त्या पानावर नि दीपकच्या ताटात वाढ, दोघं भाऊ एकदम जेवतील.