दोरीचं दुसरं टोक

बरकतपुरा, हैदराबाद
रविवार

प्रिय नंदा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? तुझे यजमान रिटायर झाले आणि तुम्ही दोघं तारनाक्याला कायमचे राहायला आलात, असं मला मेघनाकडून कळलं. मेघना म्हणजे माझी चित्रं दाखवणाऱ्या गॅलरीतली मुलगी. इथून रिक्षानं वीस मिनिटांचा रस्ता, तरी पत्रच लिहिते आहे, आणि तेही मराठीत. कॉन्व्हेंटमध्ये आपण अशाच चिठ्ठ्या भूमितीच्या वहीतून फिरवायचो आणि सिस्टर दोघींना बाकावर उभं करायच्या. तू उभी राहूनही हसायचीस, आणि जास्तीचा ओरडा मला बसायचा.

मी अजून चौकोनच काढते. शेजारच्या वहिनी दर दिवाळीला विचारतात, यंदा तरी एखादी लक्ष्मी काढणार, की पुन्हा फरशाच? मी सांगते, फरशाच. गुडघ्यांमुळे आता जमिनीवर बसवत नाही, म्हणून टेबलावर मावेल एवढाच कॅनव्हास घेते. दोरी मात्र तीच आहे, यादगिरी मेस्त्रींची. तुमच्या माडीवर ते दारं बसवायला आले होते आणि आपण दोघी आपल्या आठ फुटी कॅनव्हासवर पट्टी सरकवत रेघ ओढायला धडपडत होतो. त्यांना ते बघवेना. निळीत बुडवलेल्या दोरीचं एक टोक त्यांनी तुझ्या हातात दिलं, एक माझ्या. ताणायची, चिमटीत उचलायची, सोडायची. टप्प! तेवढी सरळ रेघ आपण तोवर पाहिलीच नव्हती. तुझा हात जरा सैलावला की ते ओरडायचे, "ढीला नक्को छोडो अम्मा!" आणि जाताना दोरी आपल्यालाच देऊन गेले.

आता दुसरं टोक मी खिळ्याला बांधते. रेघ सरळ येते, तक्रार नाही. पण खिळा ओढत नाही गं. तू धरलेलं असायचं तेव्हा तू हसलीस तरी दोरीतून माझ्या बोटांना कळायचं.

त्या आठ फुटी कॅनव्हासवर मला नुसते काळे-पांढरे चौकोन हवे होते. एक तिरकी रेघ हवीच, असा हट्ट तू धरलास. आपण दोन दिवस भांडलो. मग तू म्हणालीस, "मालू, सगळंच काटकोनात असेल तर बाहेर कुठून पडायचं?" आणि ती गेरूची रेघ आपण मारली. महिन्याभरात तुझं लग्न ठरलं, मुलगा रेल्वेतला, बदल्यांचा. मी तोंडानं अभिनंदन केलं. मग हिमायतनगरच्या प्रदर्शनाला चित्र द्यायच्या दिवशी, तू साड्यांच्या खरेदीला गेली असताना, मी चित्र उलटं केलं आणि मागे सही केली. एकटीची. आयोजकांना एकच नाव सोयीचं होतं, असं मी पुढे स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे तू चालली होतीस, याचा मला राग आला होता.

उद्घाटनाला तू हिरवा चुडा भरून आलीस. चित्राखालचं लेबल वाचलंस. "रेघा सरळ आल्यात," एवढंच म्हणालीस आणि गेलीस. त्याला चाळीस वर्षं झाली. या चाळीस वर्षांत ज्यानं ज्यानं ते चित्र पाहिलं, त्यानं त्या तिरक्या रेघेबद्दलच विचारलं. हे धाडस तुम्हाला कसं सुचलं, म्हणतात. आणि नंदा, मी उत्तरं देत आले. छान छान उत्तरं.

आता माझी जुनी चित्रं एकत्र लावायची ठरली आहेत आणि ते चित्र त्याच्या मालकांकडून परत आलं आहे. लेबलावर काय लिहू, म्हणून मेघनानं विचारलं, तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिनंच तुझा पत्ता शोधला. चित्र सध्या गॅलरीत भिंतीकडे तोंड करून उभं आहे. माझ्या सहीशेजारी वीतभर कोरी जागा आहे. तुझं नाव मीही लिहू शकले असते, पण ते पुन्हा माझंच अक्षर झालं असतं. शनिवारी चित्रं भिंतीवर चढवायची आहेत. त्याआधी येशील? तू नाही म्हणालीस तर ते चित्र लागणार नाही, असं मी मेघनाला सांगून ठेवलं आहे. आलीस तर येताना काही आणू नकोस. ब्रश मी आणते, आणि दोरीही.

या टोकाला उभी असलेली,
तुझीच
मालू