उलट्या तारांची गिटार

शिरोडा,
१९ जानेवारी १९८६

प्रिय विश्राम,

तुझं मुंबईहून तीन ओळींचं पत्र मिळालं. बरा आहेस, काळजी नसावी, आणि गिटार विकून टाकलीस. एका शब्दाने विचारायचं तरी होतंस! वाचून इतकी चिडले की शुक्रवारी शाळेत रजा टाकली आणि दुसरी गिटार आणायला बाबांना घेऊन म्हापसा गाठलं.

त्यांना बरोबर नेलं आणि पस्तावले. दुकानात शिरल्यापासून ते प्रत्येक गिटार फणस ठोकून बघावा तशी ठोकत होते. शेवटी एक कोरी लालभडक पसंत केली, का तर चकाकते म्हणून. तिच्या तारा इतक्या उंच की दाबताना माझं बोट कापायची वेळ. तू शिकवलं होतंस तसं एक डोळा मिटून दांडी न्याहाळली, तर ती वाकलेली. यावर बाबांचं म्हणणं, होडीची फळीसुद्धा थोडी वाकडीच असते. मी कपाळाला हात लावला.

पुढच्या दुकानात एक जुनी मिळाली. पाठीवर ओरखडे, पण दांडी सरळ, कुठे तडा नाही, आणि तार छेडली की आवाज रेंगाळत राहतो. बाबांची कुरकुर चालूच, घरी आलेले पाहुणे ओरखडे बघून काय म्हणतील!

खरा वैताग पुढेच होता. मी दुकानदाराला तारा उलट्या क्रमाने लावून मागितल्या, डावखुऱ्यांना लागतात तशा. तारांच्या खाचांची पट्टीही बदलावी लागेल म्हणाला. वाजवणारा डावखुरा आहे का, विचारलं. मी नाही म्हटलं, तर हसायला लागला.

तेव्हा बाबा बोलले. तू इस्पितळात होतास तेव्हापासून त्यांनी हा विषय एकदाही काढला नव्हता. म्हणाले, "माझ्या झिलाची, हिच्या भावाची, डाव्या हाताची दोन बोटां मशीनीत गेली. उजवो हात शाबूत आसा. आता तो उजव्यान तारा दाबतलो."

दुकानदाराने तारा सोडायला घेतल्या.

तर विश्राम, 'माझं वाजवणं संपलं' असं समजू नकोस. छेडायला डाव्याची उरलेली बोटं पुरेत. नव्याने शिकताना अडखळशील, आम्हाला बेसूर ऐकावं लागेल. ऐकू. गिटार मी पार्सलने पाठवणार नाही, रजा घे आणि इथे येऊन शीक. मला न सांगता बाबा काल एसटी स्टँडवर जाऊन मुंबईची गाडी किती वाजता पोचते ते विचारून आलेत.

अजून रागावलेली, पण तुझीच,
आनंदीताई