पाटनच्या पुढे न जाणारी बस

गोरखपूर, जबलपूर. गुरुवार, संध्याकाळ

वर्तमानपत्रासाठी पाटनपुढच्या एका गावाची माहिती घरी लिहायला बसलो. लोकसंख्या सरपंचांनी तोंडपाठ सांगितली होती, काल जन्मलेल्या पोरासकट. "गावाला बस आहे का?" या रकान्यात मात्र अडकलो. कागदोपत्री बस पाटनलाच संपते. पण ड्रायव्हर वामनचं घर पुढे त्या गावात, म्हणून तो रोज संध्याकाळी गाडी घरी नेतो आणि सकाळी परत आणतो. आज सकाळी मीही तिनंच पाटनपर्यंत परत आलो. सोबत पाटनच्या शाळेत जाणाऱ्या अकरा मुली.

मी गाडीत टिपून घेत होतो तेव्हा वामन म्हणाला, "साहेब, हे काहून लिहून राहिले? मालकानं वाचलं तर गाडी पाटनलाच उभी राहीन. मी येईन सायकलनं. या पोरी?"

म्हणजे "आहे" लिहिलं की बस उद्यापासून नाही. आणि "नाही" लिहिलं तर मी खोटा. पण ते "नाही" वाचून कुणी गावाला खरी बस दिली तर? नऊ वर्षं संस्कृत घोकलं. सत्यावर सुभाषितं पुष्कळ, बसच्या रकान्यावर एकही नाही.

शेवटी पेन्सिलीनं "नाही" लिहिलं. आता संपादक विचारतील, मग तुम्ही परत आलात कसे?