वरचा एक रुपया

तंजावूर,
१२ नोव्हेंबर २०००

चि. कल्याण,

अक्काचे आशीर्वाद. इकडे सगळे ठीक आहेत, असं लिहायची सवय म्हणून लिहिलं. दिवाळीचं पार्सल पोचलं. चॉकलेटं माझ्या बँकेतल्यांनीच फस्त केली. तुझे भाऊजी अजून कुरकुरतात.

तुझ्या गाणं शिकवायच्या वेबसाइटचं आईला केवढं अप्रूप होतं! अमेरिकेतली माणसं 'मामी, मामी' करत आपल्याला तोडीतला गांधार विचारतात म्हणून ती जरा ताठ चालायला लागली होती. मी ब्राउझिंग सेंटरमधून प्रश्न छापून आणायचे, ती कॅसेटवर गाऊन उत्तरं द्यायची, तू ती साइटवर चढवायचास. सकाळचा गळा तुझ्या लोकांना. गल्लीतल्या मुलींना तिनं संध्याकाळवर ढकललं. पैशांचं मी तेव्हाच विचारलं होतं. "आधी गर्दी होऊ दे अक्का, दर लावला तर कोणी फिरकणार नाही," असं म्हणालास. गर्दी झाली खरी. फुकट ते पौष्टिक.

आईनं जन्मात कोणाला फी सांगितली नाही, तुला ठाऊक आहे. विजयादशमीला शिष्यांनी यायचं, विड्याच्या पानांवर जमेल ते ठेवायचं आणि त्यावर एक रुपया. इडलीवालीची मुलगी वासुकीसुद्धा दहावर एक ठेवते. जो ठेवत नाही त्याला विद्या पोचलीच नाही, असं आपल्या घरात समजतात.

यंदा तिनं तुझ्या परदेशी शिष्यांसाठी एक ताट वेगळं मांडलं. मी हसले, तर म्हणाली, "पोस्टानं येईल की गं. दूर आहेत ते."

आली ती ई-मेलवर, लुकलुकत्या दिव्यांची शुभेच्छापत्रं. "थँक्यू मामी, यू आर ग्रेट!" मीही शहाणी, सगळी छापून आणली आणि त्या ताटात ठेवली.

मग तुझा मित्र प्रवीणकुमार चेन्नईहून पाकीट घेऊन आला. वर लिहिलेलं, 'वेबसाइटच्या शिष्यांकडून'. आईनं नोटा काढल्या, पाकीट उलटं करून झटकलं, आत बोट घालून पाहिलं. पाच हजार. वर एक नाही.

"हे शिष्यांचं नव्हे," ती म्हणाली. "लेक आईस घरखर्चास देतो, ते असं. कल्याणचं आहे हे."

चिडली असती तर बरं झालं असतं रे. तिनं पाकीट माझ्या हातात दिलं आणि आत जाऊन तंबोऱ्यावर गवसणी घातली.

हे लिहायचं मी मघापासून टाळत होते. तेव्हापासून ती गवसणी निघालेली नाही. वासुकी रोज दारात येते, थोडा वेळ उभी राहते आणि परत जाते. आई म्हणते, "इतक्यांस शिकवलं, एकासही पोचलं नाही. मज शिकवता येत नाही आता." लोक कंजूष असतात, मी हजारदा सांगितलं. तिला ते पटतच नाही. तिच्या लेखी शिष्य कंजूष असूच शकत नाही, चूक गुरूचीच असणार. मला तुझा राग येतो कल्याण, आणि त्या थँक्यूवाल्यांचा त्याहून जास्त. वीस वर्षांत घरात एवढी शांतता मी ऐकलेली नाही. मला भीती वाटते.

तेव्हा आता लाजू नकोस. साइटवर ठळक लिही की मामी उत्तरासाठी सकाळ घालवतात, शिकलात तर योग्य ते मोल द्या. आकडाही लिही. निम्मे पळतील, पळू देत. उरलेल्यांतल्या एकाचं तरी त्याच्या स्वतःच्या नावानं येऊ दे, मग ते कितीही असो. तुझे पाच हजार प्रवीणकुमारकडे परत दिलेत. त्यात एक घालून पुन्हा पाठवू नकोस, ती ओळखेल.

पत्राखाली आईचा आशीर्वाद घालायचा म्हणून आत्ता विचारायला गेले. ती म्हणाली, "आशीर्वाद आहेच. पण त्यास म्हणावं, त्या लोकांस एकदा विचार, माझं कुठं चुकलं?"

मी तिचा निरोप जसाच्या तसा लिहिला आहे. उत्तर तू तिलाच दे.

तुझी,
वसुमती अक्का