टोचलेलं नाक

मुंबई

आये, तुझ्या पायावर डोकं ठेवतो.

फोन आबा उचलत्यात, म्हणून पत्र धाडतोय. शेजारच्या मायाताईकडनं वाचून घे. मी बरा हाय. माझी शेळी कवठे महांकाळच्या बाजारात इकली न्हाईस न्हवं?

लुगडं नेसून स्टेजवर नाचायचो तवा आबांनी माझं तोंड बघितलं न्हाई. आता कोट घालून टीव्हीवर कार्यक्रम चालवतो, तर भावकीला बोलावून दाखवत्यात म्हणं.

माझ्या आधीची दोन पोरं गेली, तवा मरणाला मी पोरगी वाटावी म्हणून तू माझं नाक टोचलंस. त्यापायीच पोरगं बिघडलं, असं आबा जलमभर तुला बोलत आले.

चॅनेलवाल्यांनी चमकी काढायला लावली. भोक बुजलं. आबांना सांग, खुश व्हतील.

पण आये, आता मरणानं मला वळखलं तर?

तुझा,
मल्हार